दोन ओळींची जागा

प्रिय प्रस्तुत संशोधक,

हे संबोधन वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. तुझं खरं नाव घालून मी हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा कागद बाजूला ठेवला. त्या नावाने मी तुला कधी हाक मारलेलीच नाही. संग्रहालयाच्या तळघरात तू स्वतःबद्दलसुद्धा अहवालात बोलतात तसं बोलायचास. प्रस्तुत संशोधकाला चहा हवा आहे, प्रस्तुत संशोधकाचं पेन कुणी लांबवलं. मग सगळेच तुला तसं म्हणायला लागले, अगदी शिपाईसुद्धा. आता त्या नावाने तुला ओळखणारी बहुधा मी एकटीच उरले असेन.

आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं तुला कळलं आहे, हे मला कळलं आहे. प्रकाशकांकडची ती संपादक मुलगी मोठी गोड आहे. मला पहिला फोन केला तेव्हा तिने विचारलं, आजी, ही मोहीम नक्की कोणत्या साली गेली होती, कारण प्रस्तावनेत एक साल आहे आणि परिशिष्टात दुसरं. मी म्हटलं, बाळा, मोहीम गेलीच नव्हती. बेटही नव्हतं. तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, पण आजी, नकाशा आहे की. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या वर्षांनी, एवढी शिकलेली पोरगी तुझ्या आकडेवारीला आणि माझ्या नकाशाला फसली. तुझं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. मजकुरात काही बदल नाही, चित्रांच्या बाबतीत चित्रकर्ती सांगेल ते अंतिम. खाली सही. पुढे एक शब्द नाही. पूर्वीही तू पत्रं अशीच लिहायचास, जणू शब्दांना रेशन लागलं आहे, आणि तळटिपा मात्र हातभर.

पानं वीस तारखेला छापायला जाणार आहेत. त्याआधी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, पान चौऱ्याण्णवबद्दल. फोन नंबर आहे माझ्याकडे, त्या मुलीने दिला. पण फोनवर मला सुधरायचं नाही. शिवाय तू फोनवर ‘बरं’ म्हणशील, आणि तुझ्या ‘बरं’ने मी एकदा चांगलीच फसले आहे. म्हणून लिहिते आहे. विचारायचं ते शेवटी विचारीन. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. इतक्या वर्षांचं साचलं आहे.

माझं बरं चाललं आहे. भाऊजी गेल्यापासून ताई माझ्याकडेच असते. तिचे गुडघे आणि माझे डोळे मिळून आम्ही एक धड माणूस होतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे. हात मात्र अजून शाबूत आहे. किंचित थरथरतो, पण कागदाला टेकला की थांबतो. चित्रांची खोली रस्त्याकडे आहे, उत्तरेचा उजेड, खाली एक घड्याळं दुरुस्त करणारा बसतो. त्याच्याही डोळ्याला भिंग आणि माझ्याही. सकाळी खिडकी उघडताना आम्ही एकमेकांना मान हलवतो. ताई म्हणते, बघ, उभ्या जगात तुला हाच एक जोडीदार शोभला असता, दोघांनी दिवसभर तोंडातून शब्द काढला नसता. तिला अशा चेष्टा करायला आवडतं. मी हसते आणि कामाला लागते.

तळघर आठवतं का तुला? मला ते फार आठवतं. भिंतीला लागून ते लांबच लांब खण, त्यांत कापसाचे डोळे लावलेले पक्षी उताणे झोपलेले, पायाला चिठ्ठ्या बांधलेल्या. डांबरगोळ्यांचा वास इतका अंगात मुरायचा की आई मला आधी हातपाय धुवायला लावायची आणि मग घरात घ्यायची. तुझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं, माझं पक्षी काढण्याचं. वर मोठे साहेब. त्यांनी घालून दिलेला नियम तू विसरला नसशील. चित्रकाराने वर्णन वाचायचं नाही, वर्णनकाराने चित्र पाहायचं नाही. दोघांनी आपापलं काम वेगळं करायचं आणि शेवटी साहेब दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहणार. वाचलेलं डोळ्यांत शिरतं आणि मग हात पाहिलेलं काढत नाही, ऐकलेलं काढतो, असं ते म्हणायचे. मला तो नियम मनापासून पटला होता. पुढे तोच माझ्या मुळावर आला, पण त्यात साहेबांचा दोष नाही.

बुडीत बेट तुझ्या डोक्यातून निघालं. एका रिकाम्या खणावर चिठ्ठी होती आणि आत पक्षीच नव्हता, तिथून सुरुवात झाली. तू म्हणालास, या न दिसणाऱ्या पक्ष्याचं वर्णन मी करतो, तू त्याचं चित्र काढ. मग दुसरा पक्षी आला, मग तिसरा, मग त्यांना राहायला बेट लागलं, बेटावर जायला मोहीम लागली, मोहिमेला सतत पोट बिघडणारे एक डॉक्टर लागले. शेवटी कुणी तपासायला जाऊ नये म्हणून तू ते बेट समुद्रात बुडवून टाकलंस. दीड वर्ष आपण जेवणाच्या सुट्टीत हेच करत होतो. तुला तो पाठमोरा आठवतो? मोहिमेतल्या कुणालाच त्या पक्ष्याचा पुढचा भाग दिसला नाही म्हणून मला फक्त पाठ काढायची होती. तीन अवस्थांमधली पाठ, नर, मादी आणि पिल्लू. मी हसून हसून दौत सांडली होती. तेवढी हसले त्यानंतर क्वचितच.

आणि त्या थट्टेच्या पुस्तकातही आपण साहेबांचा नियम पाळला. तो माझाच हट्ट. खोटं काढायचं तर खऱ्याच्या शिस्तीने, असं मी तुला सुनावलं होतं. तू मला फक्त मापांची चिठ्ठी द्यायचास, चोचीची लांबी, पायाचा रंग, घरट्याची खोली, काड्या जाड की बारीक. मी तेवढ्यावरून काढायची. मजकूर मी वाचायची नाही. छापखान्यातून प्रुफं आली की मजकूर तू तपासायचा आणि मी फक्त जागा तपासायची. चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे धातूचे ठसे, तयार होऊन आले होते, ते काही लहान होणार नव्हते. ओळी जास्त झाल्या की ओळींनीच माघार घ्यायची. मी पट्टी घेऊन बसायची आणि समासात शिसपेन्सिलीने लिहायची, एक ओळ कापावी, अर्धी ओळ कापावी. तू कुरकुरायचास. आमचे शब्द म्हणजे काय गवत आहे का, दिसलं की छाटलं, असं एकदा चिडून म्हणालाही होतास.

मग एके दिवशी तू न चिडता कापलंस. मला तो दिवस आठवतो, पण तेव्हा तो आठवणीत ठेवण्यासारखा आहे हे माहीत नव्हतं. पान चौऱ्याण्णवचं प्रूफ तू स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलंस. एरवी गठ्ठा यायचा, त्या दिवशी एकच पान. म्हणालास, एकशे बारा नंबरची टीप एकदा नीट पाहून घे. मी हो म्हटलं. तू उभाच राहिलास. मी म्हटलं, अरे उजेडात उभा आहेस, सरक. तू सरकलास, आणि मग वर निघून गेलास. मी पट्टी लावली. मोजलं. लिहिलं. संध्याकाळी पान तुझ्या खणात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, एकशे बारा पाहिलंस ना मी काय लिहिलंय ते? तू म्हणालास, पाहिलं. मी म्हटलं, मग जमेल ना? तू म्हणालास, बरं. एवढंच. मी पुढच्या पानाला लागले.

दीड महिन्यात तू गेलास. लांबच्या गावी कॉलेजात नोकरी, हुद्दा मोठा, संधी चांगली, असं सगळं साहेबांकडून कळलं. मला तू सांगितलंस ते जिन्यात, तेही पाठमोरा. मी अभिनंदन केलं. घरी आले आणि ताईला म्हटलं, डोकं दुखतंय, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता लाजायचं वय गेलं म्हणून स्पष्टच लिहिते. मी वाट पाहत होते. दीड वर्ष रोज, जेवणाचा डबा उघडताना, आज हा विचारील, आज विचारील, असं म्हणत होते. तुझा शर्ट कोणता, तू कुठल्या बाजूने जिना उतरतोस, खोकला कोरडा की ओला, सगळं मला पाठ होतं. आणि तू काही न विचारता निघून गेलास म्हणून मला तुझा राग आला. तो राग मी चांगला जपला. इतकी वर्षं टिकेल असा जपला.

पुस्तक आलं तेव्हा तू तिथे नव्हतास. मी प्रत पाठवली. तुझं उत्तर आलं, पान चौऱ्याण्णव चांगलं बसलं आहे. मला वाटलं, शंभर चित्रांमधून याला एक पान कसंबसं आवडलं, तेही नीट बसलं म्हणून. मी ते पत्र फाडलं. त्याचं आता वाईट वाटतं.

नंतर जी काय मजा झाली ती तुला सांगायला मिळालीच नाही. एका वाचनालयाने आपलं पुस्तक खऱ्या पक्ष्यांच्या कपाटात ठेवलं. दोन विद्यार्थ्यांनी निबंधात त्यातले उतारे घेतले, आणि त्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले असं ऐकलं. मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, या मोहिमेला परवानगी कुणी दिली होती.  मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि कळलं की ते हसताहेत. आणि बोटीवरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं पत्र आलं, सात पानी. पाठमोरा त्यांनी समोरून पाहिला होता म्हणे. चोच पिवळी. त्याच पत्रात त्यांनी एक चूकही काढली होती. चित्र एकतीसमधल्या धागेकरी पक्ष्याच्या घरट्यात धागा दिसत नाही, आणि टीप एकशे बारा तर सांगते की नर धागा आणून देतो. त्यांनी लिहिलं होतं, ही चित्रकाराची नजरचूक असावी किंवा या नराला नकार मिळालेला असावा. नकार असेल तर चित्राखाली तशी नोंद हवी. मी खूप हसले आणि त्यांना उत्तर लिहिलं की नजरचूक आहे, क्षमस्व. तेव्हा वाटलं होतं, हे पत्र वाचून हसायला तू इथे हवा होतास.

तू लग्न केलंस. तुम्ही दोघं एकदा संग्रहालय पाहायला आलात तेव्हा मी तिला सगळे खण उघडून दाखवले. तिने प्रत्येक पक्ष्याचं नाव विचारलं आणि लक्षात ठेवलं. मला ती आवडली, आणि ती आपल्याला आवडते आहे याचाच मला त्रास झाला. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी चार ओळी लिहिल्या होत्या, मिळाल्या असतील. मी लग्न केलं नाही. ते तुझ्यामुळे, असं म्हणून तुझ्या डोक्यावर ओझं ठेवणार नाही. दोन स्थळं आली होती, दोघंही भले होते. एकाला मी घरात शाईचे डाग पाडते हे पटेना आणि दुसऱ्याला माझंच काही पटवता आलं नाही. दिवस गेले. काम होतं, ताई होती, तिची मुलं होती. मी काही सुकून गेले नाही. पण जेवणाची सुट्टी झाली की आजही मी समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलून ती रिकामी करते. ताई विचारते, कोण येणार आहे? मी म्हणते, कुणी नाही, पसारा आवरते आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या संपादक मुलीला मूळ चित्रं हवी होती. कपाटावरचा मोठा फोल्डर मी शिडीवर चढून काढला, ताई खालून शिडी धरण्याऐवजी मला बोलणी घालत होती. चित्रांवर एकेक जुना कागद गुंडाळलेला होता, रद्दी झालेल्या प्रुफांचा. तो मीच गुंडाळला होता, तू गेल्यानंतरच्या आठवड्यात, तुझा खण रिकामा करताना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी काहीही न वाचता हाताला येईल तो कागद गुंडाळत होते. चित्र एकतीस सोडवलं. कागद फेकणार तेवढ्यात त्यावर माझंच अक्षर दिसलं. पान चौऱ्याण्णव. टीप एकशे बाराला कंस, आणि समासात माझ्या ठसठशीत शिसपेन्सिलीत, “शेवटच्या दोन ओळी कापाव्यात. इथे जागा नाही.”

मी जमिनीवर बसले आणि ती टीप पहिल्यांदा पूर्ण वाचली. छापील पुस्तकात ती मी दहादा वाचली असेन आणि दर वेळी म्हटलं असेल, काय सुचतं याला. धागेकरी नर विणीच्या आधी एकच लांब धागा आणतो, मादीच्या अर्धवट घरट्याच्या काठावर ठेवतो आणि दूर जाऊन बसतो. मादीने तो विणायला घेतला तर जोडी जमते, न घेतल्यास नर त्या बेटावर पुन्हा दिसत नाही. पुस्तकात इथे टीप संपते. प्रुफात संपत नाही. प्रुफात पुढे आहे, “प्रस्तुत संशोधकानेही असा एक धागा आणून ठेवला आहे. चित्रकर्तीने तो उचलावा, अशी त्याची फार इच्छा आहे.” त्यावर माझी आडवी रेघ. पट्टीने मारलेली, सरळ.

ताई विचारत होती, काय झालं, पडलीस का? मी म्हटलं, हो. ती लंगडत आली, कागद वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली, तिच्या त्या गुडघ्यांसकट. म्हणाली, अगं मूर्ख मुली, तू ओळी मोजल्यास? मी म्हटलं, हो, मोजल्या. दोन जास्त होत्या. मग तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. दोघींना उठवायला शेवटी खालचा घड्याळवाला आला.

तू कसं वाचलं असशील ते, याचाच विचार मी महिनाभर करते आहे. इथे जागा नाही. आणि वर दुसऱ्या दिवशी मी तुला विचारते, जमेल ना? मापांच्या चिठ्ठीत तू धाग्याचा शब्दही लिहिला नव्हतास, हेही आता कळतं. सांगून विणून घेतलेला धागा तुला नको होता. पण वेड्या, विचारायचं तर तोंडाने विचारावं. माणसं तळटिपेत विचारतात का? आणि तेही अशा बाईला, जिने टीप वाचायची नाही म्हणून स्वतःच शपथ घेतली होती. तुझी चूक आणि माझी चूक शेजारी ठेवून ताडून पाहायला साहेब हवे होते.

हे सगळं लिहिलं ते पान चौऱ्याण्णवसाठी. चित्र एकतीस मी पुन्हा काढलं आहे, अकरा दिवस लागले. उंचीला पाऊण सेंटिमीटर कमी. ती मुलगी म्हणाली, आजी, ते इथे एका क्षणात लहान करता येतं. मी म्हटलं, असू दे, मला त्यात एक दुरुस्तीही करायची आहे. चित्राखाली आता बरोबर दोन ओळींची जागा आहे, मी पट्टीने मोजली आहे. त्या ओळी तुझ्या आहेत, तुला विचारल्याशिवाय मी त्या परत घालू शकत नाही. वीस तारखेच्या आत त्या मुलीला कळव, किंवा मला कळव, किंवा इकडे ये आणि समोरच्या खुर्चीत बसून सांग. नको म्हणालास तरी चालेल. मग ती जागा कोरी जाईल, चित्र मी पुन्हा मोठं करणार नाही. पण घरट्याकडे या वेळी भिंग लावून बघ. धागा उचलला आहे. काड्यांमधून सात वेळा आतबाहेर घेतला आहे, आता तो घरटं मोडल्याशिवाय निघायचा नाही.

तुझीच,
चित्रकर्ती